सफरचंदाचा घरगुती सॉस

युरोप आणि उत्तर अमेरिका या खंडांतील थंड प्रदेशांत सप्टेंबर महिना उजाडला म्हणजे सफरचंदाचीं झाडें भारानें वांकूं लागतात, आणि तेथील गृहिणींपुढें दरवर्षीं एकच प्रश्न उभा राहतो. फळ येतें तें सारें एकदम. हिवाळा मात्र पुढें कित्येक महिने चालावयाचा. जीं सफरचंदें उशिरां पिकणारीं, जाड सालीचीं व अंगावर एकहि डाग नसलेलीं, तीं कागदांत गुंडाळून थंड तळघरांत ठेवलीं तर महिनोगणती टिकतात. परंतु ज्यांस मार लागला, जीं आकारानें वेडींवांकडीं निपजलीं, जीं पिकून मऊ झालीं, तीं आठवडाभरहि थांबावयास तयार नसतात. अशा फळांचें काय करावयाचें? तिकडील स्वयंपाकघरानें या प्रश्नाला शोधून काढलेलें सर्वांत साधें उत्तर म्हणजे ‘ॲपल-सॉस’, अर्थात् सफरचंदाचा सॉस.

नांव सॉसाचें असलें तरी बाटलींतून ओतावयाचा टोमॅटोचा सॉस डोळ्यांपुढें आणूं नये. सफरचंदाच्या फोडी थोड्याशा पाण्यावर वाफेनें शिजवून चाळणींतून काढलेला मऊ, दाट, फिकट पिवळसर गर, एवढेंच त्याचें स्वरूप. दाटपणा म्हणावा तर आमरसाचा. मराठी घरांत फळ टिकविण्याची विद्या नवीन नाहीं. साखरांबा, मुरांबा, आंब्याचीं साठें हे सर्व त्याच विद्येचे आविष्कार. पण साखरांब्याचें मर्म निराळें आणि या सॉसाचें निराळें. साखरांब्यांत कैरीच्या वजनाइतकी, बहुधा त्याहूनहि अधिक, साखर पडते. ती फळांतील पाणी आपल्याशीं बांधून ठेवते, आणि पाण्यावांचून जंतु व बुरशी यांस वाढतां येत नाहीं. सफरचंदाच्या सॉसांत साखर चमच्या-दोन चमच्यांची असते. पुष्कळ घरीं ती मुळींच घालीत नाहींत. मग तो टिकतो कशावर? आंबटपणा, आंच आणि हवाबंद झांकण या तीन गोष्टींवर. या तिहींपैकीं एक जरी ढिली पडली तरी बरणी फुकट जाते. आणि एका विशिष्ट प्रसंगीं तर ती नुसती फुकट न जातां घातकहि ठरते. म्हणून या पदार्थाची कृति पाठ करण्यापेक्षां तिच्यामागील कारण समजून घेणें अधिक अगत्याचें आहे.

तिकडील पंक्तींत या सॉसाचें स्थान कोणतें, हें पाहिलें म्हणजे त्याच्या आंबटपणाची महती पटते. इंग्लंडांत तो भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर वाढतात. जर्मनींत बटाटे किसून त्यांचीं धिरडीं भरपूर तेलांत खरपूस तळतात व तीं या गराशीं लावून खातात. पूर्व युरोपांतून जगभर पसरलेल्या ज्यू कुटुंबांत हनुक्का नांवाच्या दीपोत्सवांत अशींच तळलेलीं धिरडीं होतात, आणि त्यांच्या शेजारींहि सफरचंदाचा गर असतो. ऱ्हाइन नदीच्या कांठीं कोलोन शहराच्या परिसरांत उकडून कुसकरलेले बटाटे व सफरचंदाचा गर एकाच ताटांत वाढतात. त्या पदार्थाचें नांव ‘स्वर्ग आणि पृथ्वी’! सफरचंद आभाळाकडे तोंड करून फांदीवर लागतें, बटाटा भुईच्या पोटांत वाढतो. म्हणून हें नांव. तुपकट, तळकट अन्नाचा जिभेवर बसलेला जडपणा धुऊन काढणें हें या सर्व ठिकाणीं त्या गराचें काम. महाराष्ट्रांत तेंच काम लिंबाची फोड किंवा कैरीची चटणी करते.

सर्व सफरचंदें सारखीं शिजत नाहींत, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. फळाच्या पेशी एकमेकींस ‘पेक्टिन’ नांवाच्या खळीसारख्या द्रव्यानें चिकटलेल्या असतात. उष्णता लागली म्हणजे ही खळ सैल पडते, आणि फळांत आम्ल भरपूर असेल तर अधिकच लवकर सैल पडते. म्हणून आंबट जातीचें सफरचंद पातेल्यांत पाहतां पाहतां फेसासारखें फुलून विरघळतें. गोड जातीचें मात्र बराच वेळ आपल्या फोडी सांभाळून राहतें. इंग्लंडांत खावयाचीं सफरचंदें व रांधावयाचीं सफरचंदें असे दोन वर्गच मानलेले आहेत. रांधावयाच्या वर्गांत अग्रमान ‘ब्रॅम्ली’ या जातीचा. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या गांवीं मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नांवाच्या मुलीनें १८०९ सालीं कांहीं बिया लावल्या; त्यांतून हें झाड उगवलें. पुढें तें घर मॅथ्यू ब्रॅम्ली नांवाच्या खाटकानें विकत घेतलें. १८५६ सालीं हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकावाल्यानें कलमासाठीं फांद्या मागितल्या, तेव्हां फळाला आपलें नांव द्यावें या अटीवर ब्रॅम्लीनें त्या दिल्या. बी लावणाऱ्या मुलीचें नांव मागें पडलें आणि झाडाच्या धन्याचें नांव फळाला चिकटलें. हें सफरचंद कच्चें खाल्लें तर दांत आंबतात. शिजविलें तर कांहीं मिनिटांत त्याचा लुसलुशीत गर होतो. इंग्रजी पाकपुस्तकांतील बहुतेक कृति अशाच फळाला अनुलक्षून लिहिलेल्या असतात.

भारतांतील बाजार मात्र गोड सफरचंदांचा आहे, आणि त्यालाहि एक इतिहास आहे. कुलूच्या खोऱ्यांत बंद्रोल येथें कॅप्टन ली या इंग्रज गृहस्थानें १८७० सालीं बाग लावली, ती विलायती जातींची. त्या फळांचा आंबटपणा इकडील जिभेला फारसा रुचला नाहीं. पुढें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचे सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हे १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं हिंदुस्थानांत आले व सिमल्यापलीकडील कोटगढच्या डोंगरांत स्थायिक झाले. त्यांनीं १९१६ सालीं मिसूरी राज्यांतील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेंतून ‘रेड डेलिशस’ या गोड, तांबड्या जातीचीं रोपें आणून लावलीं व शेजारच्या शेतकऱ्यांसहि ती लागवड शिकविली. हेच गृहस्थ राष्ट्रीय चळवळींत पडून १९२१ सालीं कारावासांत गेले, आणि १९३२ सालीं हिंदु धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. आज हिमाचल प्रदेशाच्या डोंगरांतून जीं लालभडक, गोड सफरचंदें मुंबई-पुण्याच्या बाजारांत येतात, त्यांतील पुष्कळांचें मूळ त्या रोपांच्या जातींत आहे. याचा अर्थ असा कीं, विलायती पुस्तकांतील कृति जशीच्या तशी उचलून या फळाला लावली तर गर लवकर होत नाहीं, आणि झाला तरी तो मिळमिळीत लागतो. कृतीला येथें थोडें वळण देणें भाग आहे.

मराठी शहरी कुटुंबांत सफरचंदाचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. आजाऱ्याला भेटावयास जातांना रिकाम्या हातानें जाऊं नये, ही येथील रीत. आणि त्या हातांतील पिशवींत बहुधा मोसंबीं नाहीं तर सफरचंदें असतात. घरीं कोणी आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळलें कीं, कोनाड्यांत सफरचंदांची रास जमते. आजाऱ्याला तीं चावत नाहींत, निरोग्याला त्यांचा कंटाळा येतो, आणि चार दिवसांत तीं आंतून पिठूळ होतात. पिठूळ होणें म्हणजे सडणें नव्हे. पेशींना जोडणारी खळ आपोआप सुटल्यामुळें दांताखालीं पेशी फुटत नाहींत, नुसत्या सुट्या होतात, आणि रस आंत असूनहि फळ कोरडें लागतें. जें काम चुलीनें करावयाचें तें येथें काळानेंच अर्धें केलेलें असतें. असें फळ कापून खाण्यास नकोसें वाटलें तरी गर करण्यास उत्तम.

येथें एक भेद कटाक्षानें पाळला पाहिजे. मार लागलेलें फळ निराळें आणि कुजलेलें फळ निराळें. मार लागून तपकिरी झालेला भाग काढून टाकला कीं उरलेलें फळ निर्धास्तपणें वापरावें. परंतु ज्यावर निळसर-हिरवी बुरशी धरली किंवा ज्याचा भाग पाणचट होऊन सडला, तें फळ सबंध टाकून द्यावें. अशा बुरशीपासून ‘पॅट्युलिन’ नांवाचें विषारी द्रव्य तयार होतें. तें सडलेल्या भागाच्या पलीकडेहि पसरतें, आणि शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं. काटकसर हा गुण खरा. पण एका सडक्या फळाची काटकसर करून साऱ्या पातेल्यांत विष कालविणें ही काटकसर नव्हे. विशेषतः ज्या घरीं हा गर लहान मुलासाठीं व्हावयाचा, तेथें हा नियम मोडूं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. दीड किलो सफरचंदांचा साधारण एक लिटर गर होतो. तांबडीं गोड सफरचंदें तीन भाग घेतलीं तर एक भाग हिरवीं आंबट घ्यावीं. ‘ग्रॅनी स्मिथ’ नांवाचीं हिरवीं सफरचंदें मोठ्या शहरांतून मिळतात. तीं न मिळाल्यास दीड किलोस दोन मोठे चमचे लिंबाचा रस पुरे. फळें वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवावीं. चकाकी येण्यासाठीं वरून मेण चढविलेलें असल्यास कोमट पाण्यानें धुऊन सालहि काढावी. चार फोडी करून मधला बियांचा कोष कोरून टाकावा. सफरचंदाच्या बियांत असें द्रव्य असतें कीं बी फुटल्यास त्यापासून अत्यल्प प्रमाणांत सायनाइड निर्माण होतें. दोन-चार अख्ख्या बिया राहिल्या तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्रांत गर वाटावयाचा असेल तर एकहि बी राहूं देऊं नये.

कापलेल्या फोडी उघड्या ठेवल्या तर पाहतां पाहतां तांबूस होतात. फळाच्या पेशींत एक पाचकासारखें द्रव्य असतें. सुरीनें पेशी फुटल्या कीं हवेंतील प्राणवायूच्या संगतीनें तें फळाचा रंग पालटून टाकतें. आम्ल आणि उष्णता हे त्याचे दोन वैरी. म्हणून फोडी चिरतांच लिंबाचा रस पिळलेल्या पाण्यांत टाकाव्या आणि सर्व चिरून झाल्यावर वेळ न घालवितां चुलीवर चढवाव्या. रंग पालटलेली फोड खाण्यास वाईट नसते. फक्त गर काळसर दिसतो.

भांड्याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. आंबट फळ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत शिजवूं नये, हें मराठी घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगावयास नको. कढी, आमटी किंवा चिंचेचें सार कळकलें म्हणजे काय होतें, हें त्यांनीं पाहिलेलें असतें. सफरचंदाचें आम्लहि तेंच करतें. जाड बुडाचें स्टीलचें किंवा एनॅमलचें पातेलें या कामीं सर्वांत चांगलें. पातेल्यांत वाटीभर पाणी घालून त्यांत फोडी टाकाव्या, वर घट्ट झांकण ठेवावें आणि मंद आंचेवर पंधरा ते वीस मिनिटें शिजू द्यावें. पाणी फार घालण्याचा मोह टाळावा, कारण फळाचें स्वतःचें पाणी सुटतेंच. मधून मधून तळ हलवावा. फोडी सुट्या प्रेशर कुकरच्या तळाशीं टाकून शिजवूं नयेत. शिजणाऱ्या सफरचंदाला फेस फार येतो, तो उसळून शिटीचें छिद्र बुजवितो आणि कुकर धोक्याचा होतो.

फोडी बोटानें चेपतां चेपल्या गेल्या म्हणजे उतरवून पुरणयंत्रांतून काढाव्या. ज्या घरीं पुरणपोळी होते त्या घरीं या कामासाठीं नवें उपकरण विकत आणण्याचें कारण नाहीं. साल न काढतां फोडी शिजविल्या असतील तर ती पुरणयंत्राच्या जाळीवर राहून जाते, आणि तांबड्या सालीचा रंग गरांत उतरून त्यास गुलाबी छटा येते. ज्यांस दांताखालीं थोडें कांहीं यावें असें वाटतें त्यांनीं नुसत्या डावानें घोटावें. नंतर चव पाहून लागल्यास दोन-चार चमचे साखर घालावी. साखर आधीं न घालतां शेवटीं घालावी, हा नियम महत्त्वाचा; कारण फळाची गोडी जातीगणिक बदलते, आणि साखरेंत शिजलेली फोड लवकर विरघळत नाहीं. दालचिनीचा एक तुकडा फोडींबरोबरच शिजविला तर त्याचा सुगंध गरांत मुरतो. लवंग किंवा जायफळ घालावयाचें तर अगदीं बेतानें.

हाच गर मंद आंचेवर तासन् तास आटवीत नेला तर त्याचा रंग गडद तपकिरी होतो व तो लोण्यासारखा पसरतां येतो. अमेरिकेंतील पेन्सिल्वेनिया राज्यांत जर्मन वंशाच्या शेतकरी कुटुंबांनीं ही कला जोपासली. शेजारपाजारच्या बायामाणसांनीं अंगणांत मोठी कढई मांडून, लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यानें दिवसभर आळीपाळीनें ढवळीत बसावें, अशी तिकडील रीत. त्या पदार्थास ‘ॲपल-बटर’ म्हणतात, पण त्यांत लोणी नांवालाहि नसतें. कोंकणांत आमरस आटवितांना जी मेहनत पडते तिचीच ही बहीण.

ताजा गर झांकून फ्रीजमध्यें ठेवला तर आठवडाभर चांगला राहतो. बर्फाच्या कप्प्यांत गोठवून ठेवला तर महिनोगणती टिकतो. ज्या घरीं हा कप्पा मोठा आहे त्यांस हाच मार्ग सर्वांत सोपा व निर्धोक. बरणींत भरून फ्रीजबाहेर ठेवावयाचा असेल तर मात्र एका निराळ्या शास्त्राचा आश्रय करावा लागतो. त्या शास्त्राचा आद्य पुरुष निकोला अपेर हा फ्रेंच हलवाई. कांचेच्या बाटलींत अन्न भरावें, बूच घट्ट बसवावें आणि ती बाटली उकळत्या पाण्यांत ठेवावी, म्हणजे अन्न टिकतें, हें त्यानें वर्षानुवर्षें प्रयोग करून सिद्ध केलें. ही युक्ति सर्वांसाठीं छापून प्रसिद्ध करण्याच्या अटीवर १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्यास बारा हजार फ्रँकांचें पारितोषिक दिलें. अन्न कां टिकतें हें मात्र त्यालाहि ठाऊक नव्हतें. जंतूंचें कारण लुई पाश्चर यानें पुढें अर्ध्या शतकानें उलगडून दाखविलें. जॉन लँडिस मेसन या अमेरिकन कारागिरानें १८५८ सालीं आट्यांच्या झांकणाच्या बरणीचें पेटंट घेतलें, आणि कारखान्याची विद्या सामान्य स्वयंपाकघरांत आली.

या विद्येंत साखरेला स्थान नाहीं, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धानें पुन्हां पटवून दिली. अमेरिकेंत १९४२ च्या मे महिन्यांत साखरेवर नियंत्रण आलें, तें १९४७ पर्यंत राहिलें. त्या काळांत घरच्या बागेंतील फळें कमी साखरेंत किंवा साखरेवांचून बरण्यांत भरणाऱ्या गृहिणींची बेगमी टिकली, कारण ती आंच व आंबटपणा यांवर उभी होती.

आतां आरंभीं सूचित केलेला धोका. मातींत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नांवाचा एक जंतु असतो. त्याचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि तासन् तास जिवंत राहतात. हवा नसलेल्या जागीं, म्हणजे नेमकीं बंद बरणींत, तीं रुजतात व असें विष निर्माण करतात कीं जें मज्जातंतूंस लुळें पाडून माणसाचा श्वास थांबवूं शकतें. अनेकदां त्या अन्नाचा वास वा रंग बदललेला नसतो. या जंतूचें पारिपत्य आम्ल करतें. आम्लता मोजण्याचें जें ‘पीएच’ नांवाचें माप आहे, त्यांत आंकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट. ४.६ च्या खालीं हा जंतु वाढूं शकत नाहीं. सफरचंदाचा आंकडा सामान्यतः ३.३ ते ४.० यांच्या दरम्यान असतो. म्हणून सफरचंदाला उकळतें पाणी पुरतें. गोड जाती या मर्यादेच्या वरच्या टोंकाला असतात, आणि फळ जितकें जुनें होतें तितकें त्यांतील आम्ल घटत जातें. लिंबाचा रस चवीला व रंगाला मदत करतोच. शिवाय अतिपक्व गोड फळाच्या गराला तो थोडा अधिक आधारहि देतो.

बरणी भरण्याची रीत अशी. अर्ध्या लिटरच्या, खास या कामासाठीं केलेल्या बरण्या घ्याव्या. झांकणें नवीं असावीं. बरण्या गरम पाण्यांत तापवून ठेवाव्या. उकळी आलेला गर त्यांत भरावा, तोंडापासून अर्धा इंच जागा मोकळी सोडावी, सुरीच्या पात्यानें आंत अडकलेली हवा काढावी, कांठ पुसून झांकण बसवावें. नंतर या बरण्या मोठ्या पातेल्यांत, तळाशीं जाळी ठेवून, इंचभर पाणी वर राहील अशा बुडवाव्या व पाणी खळखळ उकळूं लागल्यापासून वेळ मोजावा. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें ठरविलेला वेळ पाइंटच्या, म्हणजे सुमारें अर्ध्या लिटरच्या बरणीला समुद्रसपाटीनजीक पंधरा मिनिटें आणि हजार फुटांच्या वर वीस मिनिटें असा आहे. उंची वाढली कीं हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळतें. मुंबईंत तें जवळजवळ १०० अंशांवर, पुण्यास सुमारें ९८ अंशांवर आणि महाबळेश्वरीं ९५-९६ अंशांवरच उकळतें. म्हणून मुंबईच्या गृहिणीनें पंधरा मिनिटांत केलेलें काम पुण्याच्या किंवा नाशिकच्या गृहिणीनें वीस मिनिटें केलें पाहिजे. दोन्ही पातेल्यांतील पाणी सारखेंच उसळतांना दिसतें. फरक डोळ्यांना दिसत नाहीं, जंतूंना मात्र कळतो.

बरणी निवाली म्हणजे झांकणाचा मधला भाग आंत ओढला गेला पाहिजे. न ओढला गेल्यास ती बरणी फ्रीजमध्यें ठेवून लगेच संपवावी. पुढें कधीं झांकण फुगलेलें दिसलें, उघडतांना फेस आला किंवा बुरशी दिसली, तर चव पाहण्याच्या भानगडींत न पडतां सर्व टाकून द्यावें. योग्य झांकणाच्या बरण्या मिळत नसतील तर मुरांब्याची जुनी बाटली या कामास लावण्याऐवजीं गोठविण्याचाच मार्ग धरावा.

हा गर लहान मुलांस व अशक्त माणसांस मानवतो, कारण तो चावावा लागत नाहीं. सहा महिन्यांपुढील बालकास वरच्या अन्नाबरोबर तो चमच्यानें भरवितां येतो. मात्र त्यासाठीं बाजूला काढलेल्या गरांत साखर घालूं नये, आणि वर्षाच्या आंतील मुलास मध तर मुळींच चाटवूं नये, कारण वर सांगितलेल्या जंतूचीं बीजें मधांतहि असूं शकतात. जुलाबांत सफरचंदाचा गर द्यावा अशी एक समजूत आहे. तो अन्न म्हणून देण्यास हरकत नाहीं, पण तो औषध नव्हे. तेथें पहिला मान मीठ-साखरेच्या पाण्याचा, आणि मूल मलूल दिसल्यास डॉक्टरांचा.

शेवटीं, ही कृति शिकलेल्या गृहिणीस दुसऱ्या फळांकडे वळावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. हेंच करून सीताफळाचा, चिकूचा, पपईचा किंवा केळ्याचा गर बरणींत कां भरूं नये? याचें उत्तर वरील आंकड्यांतच आहे. हीं फळें गोड असून त्यांत आम्ल फार थोडें असतें. पपई, चिकू, सीताफळ हीं तर ४.६ ची मर्यादा ओलांडून पलीकडे जातात, आणि पिकलेलें केळें त्या मर्यादेच्या आसपास घोटाळत असतें. सफरचंदाला जी आंच पुरते ती यांना पुरत नाहीं. चार बरण्या सारख्याच दिसतील, सारख्याच झांकल्या जातील, आणि त्यांतील एकींत विष असूं शकेल. अशा फळांचा गर गोठवूनच ठेवावा. ज्या स्त्रीनें नुसती कृति उतरवून घेतली तिला हा भेद कळणार नाहीं. जिनें कारण जाणलें ती सफरचंद निर्धास्तपणें बरणींत भरील, सीताफळ बर्फाच्या कप्प्यांत ठेवील, आणि दोन्ही ठिकाणीं तिचेंच बरोबर असेल.